दम धरायला शिकवणारे डॉक्टर

शाळांना सुट्टी लागायची वेळ आली की आपल्या घरांतून सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी ही मजल महाबळेश्वर, अजमेर, फार तर काश्मीरपर्यंत जात असे. आता लेह-लडाखचे नाव घराघरांत ऐकू येते. सकाळी मुंबईहून विमानात बसलेला माणूस जोहरच्या नमाजपर्यंत साडेअकरा हजार फुटांवर पोहोचलेला असतो. समुद्रकाठी जन्म काढलेल्या माणसाच्या शरीराला ही काय उलथापालथ आहे, याचा विचार मात्र तिकिटे काढताना कुणी करत नाही.

आमच्या ओळखीचे चिपळूणकडचे एक कुटुंब असेच लेहला गेले होते. अब्बा साठीच्या घरातले, पण तब्येतीने खणखणीत. पहिल्या दिवशी दुपारी थोडे लोळून संध्याकाळी सगळे पायऱ्या चढून स्तूप बघायला गेले. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला ही खिंड, म्हणजे साडेसतरा हजार फुटांहून अधिक उंची. अब्बांचे डोके सकाळपासून ठणकत होते, जेवण जात नव्हते. सहलीबरोबरचा माणूस म्हणाला, "थंडी बाधलीय, आल्याचा चहा घ्या." रात्री खोकला सुरू झाला. आडवे झाले की जीव घाबरा होई, म्हणून ते भिंतीला टेकून बसून राहिले. मुलांची सहल बिघडू नये म्हणून कुणाला उठवले नाही. घरातली मोठी माणसे दुखणे अंगावर काढतात, ते असे.

तिसऱ्या दिवशी पहाटे पँगाँग तलावाकडे निघायचे होते. गाडी घेऊन आलेला लडाखी ड्रायव्हर सामान उचलायला खोलीत आला. अब्बा बूट घालत होते आणि एवढ्याशा कामाने त्यांना धाप लागली होती. ओठ निळसर दिसत होते. ड्रायव्हरने सामान खाली ठेवले आणि सरळ सांगितले, "अंकल को ऊपर नहीं, नीचे ले जाना है." त्याने गाडी तलावाकडे नेलीच नाही, इस्पितळात नेली. डॉक्टरांनी छाती तपासली, लगेच ऑक्सिजन लावला आणि मुलाला सांगितले की ही सर्दी नव्हे, छातीत पाणी झाले आहे. चांग ला खिंड ओलांडून पँगाँगला मुक्काम केला असता तर काय झाले असते, हे त्यांनी मोजक्या शब्दांत समजावले. अल्लाहच्या कृपेने अब्बा सुखरूप घरी आले. मुलगा आम्हाला सांगत होता, "त्या ड्रायव्हरला जे कळत होते, ते आम्हा शिकल्यासवरल्यांना कळले नाही."

ड्रायव्हरला जे अनुभवाने ठाऊक होते, ते वैद्यकशास्त्राला नीट कळायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. ज्यांनी ते जगासमोर मांडले, त्यांत डॉ. चार्ल्स ह्यूस्टन या अमेरिकन डॉक्टरांचे नाव फार वर घ्यावे लागते. त्यांची कहाणी आपल्या घरांतून वाचली जावी, म्हणून हा लेख.

जुने नाव : दमगिरी

डोंगर चढताना छाती आवळते, हा अनुभव माणसाला जुनाच आहे. कुरआन शरीफमध्ये सूरह अल्-अनआमच्या १२५व्या आयतीत, हिदायतीपासून दूर राहिलेल्याच्या मनाची घुसमट सांगताना, आकाशाकडे चढणाऱ्याच्या आवळलेल्या छातीची उपमा आली आहे. आयतीचा विषय ईमानाचा आहे, वैद्यकाचा नाही, हे ध्यानात ठेवावे. पण उपमा किती नेमकी आहे, ते लडाखला जाऊन आलेल्याला सांगावे लागत नाही.

या आजाराचे सविस्तर वर्णन करणाऱ्या जुन्या लेखकांत एक मुसलमान इतिहासकार आहे. मिर्झा मुहम्मद हैदर दुघलात हे बाबर बादशहाचे मावसभाऊ. पुढे त्यांनी काश्मीरवर दहाएक वर्षे राज्य केले. त्याआधी १५३२ च्या सुमारास यारकंदच्या सुलतान सईद खानाबरोबर ते लडाख-तिबेटच्या स्वारीवर होते. 'तारीख-ए-रशीदी' या आपल्या ग्रंथात त्यांनी तिथल्या एका आजाराचे नाव नोंदवले आहे : दमगिरी. दम म्हणजे श्वास, तो धरला जाणे. मराठीतही आपण 'दम लागला' म्हणतो, तोच हा दम. जड ओझे घेऊन पळत आल्यासारखी धाप लागते, झोप लागत नाही, जीवही जाऊ शकतो, आणि हे सगळे परक्या मुलखातून आलेल्यांना होते, तिथल्या रहिवाशांना नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. खुद्द सुलतान सईद खान १५३३ मध्ये परतीच्या वाटेवर याच दमगिरीने वारले. दौलत बेग ओल्दी हे सीमेवरचे नाव आपण बातम्यांत ऐकतो, ते त्यांच्या मृत्यूवरून पडले असे सांगतात.

म्हणजे आजार ठाऊक होता, कुणाला होतो तेही ठाऊक होते. का होतो, हे ठाऊक नव्हते.

हवा तीच, दाब कमी

'वर ऑक्सिजन कमी असतो' असे आपण सहज म्हणतो. खरे तर हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण चिपळूणला जितके, तितकेच एव्हरेस्टवर असते, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. आपल्या डोक्यावर हवेचा जो थर आहे, त्याच्या वजनामुळे ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात ढकलला जातो. वर जाऊ तसा हा थर पातळ होतो. लेहला दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश राहतो, अठरा हजार फुटांवर निम्मा आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर जेमतेम एक-तृतीयांश. तेवढ्याच श्वासात तेवढा कमी ऑक्सिजन पदरात पडतो.

कोरोनाच्या दिवसांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले होते. आकडा ९४ च्या खाली गेला की काळजाचा ठोका चुकत असे. लेहला विमानाने उतरलेल्या निरोगी माणसाच्या बोटाला तेच यंत्र लावले, तर आकडा ९० च्या आसपास किंवा त्याखालीही दिसतो.

यावर शरीर गप्प बसत नाही. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ मसुराएवढ्या गाठी असतात. त्या रक्तातल्या ऑक्सिजनवर पहारा ठेवतात आणि तो घटला की श्वास वाढवायचा हुकूम देतात. श्वास वाढला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो आणि रक्ताचा तोल बिघडतो. तो सावरायचे काम मूत्रपिंडे करतात. म्हणूनच वर गेल्यावर लघवी जास्त होते, आणि हे चांगले लक्षण आहे. पुढच्या दिवसांत तांबड्या पेशी वाढू लागतात. ही सगळी व्यवस्था अल्लाहने आपल्या शरीरात आधीच करून ठेवली आहे. तिला हवे असतात काही दिवस. विमान ते दिवस देत नाही आणि सहलीचा कार्यक्रमही देत नाही.

नंदादेवी ते के-टू

चार्ल्स ह्यूस्टन यांचा जन्म १९१३ चा, न्यूयॉर्कचा. वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच त्यांना डोंगरांचे वेड लागले होते. १९३६ मध्ये आपल्या उत्तराखंडातल्या नंदादेवीवर ब्रिटिश-अमेरिकन मोहीम गेली, त्यात ते होते. शिखरावर जाणाऱ्या जोडीत त्यांची निवड झाली होती, पण वरच्या छावणीत डब्यातले मांस बाधले आणि त्यांना खाली उतरावे लागले. त्यांच्या जागी गेलेले बिल टिलमन शिखरावर पोहोचले. माणसाने तोवर गाठलेले ते सर्वांत उंच शिखर होते.

पुढे १९३८ मध्ये आणि पुन्हा १९५३ मध्ये ह्यूस्टन यांनी के-टू या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शिखरावरच्या मोहिमेचे नेतृत्व केले. १९५३ च्या मोहिमेत हुंझाचे हमाल होते, आणि तळाच्या छावणीत कर्नल मोहम्मद अताउल्लाह हे पाकिस्तानी सेनेतले डॉक्टर रेडिओ सांभाळत होते. वर अडकलेल्या गिर्यारोहकांना हवामानाची खबर त्यांच्याकडून मिळे. साडेपंचवीस हजार फुटांच्या छावणीत आठ जण पोहोचले आणि वादळाने त्यांना तंबूंत कोंडले. दिवसांमागून दिवस गेले. त्यातच आर्ट गिल्की हा तरुण भूगर्भशास्त्रज्ञ उभ्याउभ्या कोसळला. ह्यूस्टन यांनी पाय तपासला. पायाच्या नसेत रक्ताची गाठ झाली होती. उंचीवर पाणी पोटात कमी जाते, रक्त दाट होते, हालचाल थांबलेली असते. गाठ सुटून फुप्फुसात गेली की माणूस संपला.

ह्यूस्टन डॉक्टर होते. एवढ्या उंचीवरून, अशा वादळात, चालता न येणारा माणूस खाली नेणे जवळजवळ अशक्य आहे हे त्यांना कळत होते. बाकीच्यांनाही कळत होते. तरी त्याला मागे ठेवून जाऊ, असे एकाही माणसाच्या तोंडून निघाले नाही. त्याला झोपायच्या पिशवीत गुंडाळून, दोरांनी सोडत ते उतरू लागले. १० ऑगस्टला एकाचा पाय घसरला, दोर एकमेकांत अडकले आणि एकामागून एक माणसे कड्याकडे घसरू लागली. पीट शोनिंग याने बर्फात रोवलेल्या कुऱ्हाडीच्या आधाराने एकट्याने तो दोर धरून ठेवला, म्हणून सगळे वाचले. ह्यूस्टन यांच्या डोक्याला मार लागून त्यांची शुद्ध हरपली होती. थोड्या वेळाने सोबती गिल्कीकडे गेले तेव्हा तो जागेवर नव्हता. हिमाच्या लोंढ्याने त्याला नेले होते.

बाकीचे सात जण उतरले. शिखर मिळाले नाही, तरी गिर्यारोहणाच्या इतिहासात ही मोहीम आजही आदराने आठवली जाते, ती सोबत न सोडल्याबद्दल. ह्यूस्टन यांनी पुन्हा मोठ्या शिखराची मोहीम काढली नाही. मात्र उंचीवर माणसाच्या शरीराचे काय होते, या प्रश्नाची पाठ त्यांनी सोडली नाही.

न्यूमोनिया नव्हे

काही वर्षांनी ते अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या ॲस्पेन या डोंगरी गावात डॉक्टरकी करत होते. तिथे एक धडधाकट तरुण त्यांच्याकडे आणला गेला. बारा हजार फुटांच्या आसपास बर्फातून जाताना तो धापा टाकू लागला होता. छातीत घरघर, खोकला, ओठ निळे. अशा रुग्णाला न्यूमोनिया म्हणण्याची तोवर रीत होती. फ्रान्समध्ये मों ब्लाँ पर्वतावर १८९१ मध्ये एक तरुण डॉक्टर असाच वारला, तेव्हाही न्यूमोनियाच म्हटले गेले होते.

ह्यूस्टन यांना हे पटेना. न्यूमोनियाचा ताप असा वागत नाही. छातीत पाणी झाले म्हणावे, तर तसे हृदय कमकुवत असताना होते, आणि या तरुणाचे हृदय ठणठणीत होते. ऑक्सिजन आणि विश्रांती मिळताच तो झपाट्याने बरा झाला. मग हे पाणी आले कुठून? उत्तर त्याच्या प्रवासातच होते. तो फार लवकर फार वर गेला होता.

१९६० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या मान्यवर नियतकालिकात ह्यूस्टन यांनी हे प्रसिद्ध केले. पेरू देशातल्या डॉक्टरांनी असे रुग्ण आधीच पाहिले होते आणि स्पॅनिशमध्ये लिहिलेही होते, हे सांगितले पाहिजे. पण इंग्रजी वाचणाऱ्या वैद्यकजगाचे डोळे या लेखाने उघडले. फुप्फुसात उंचीमुळे पाणी होणे, हा वेगळा आजार म्हणून ओळखला जाऊ लागला.

तो होतो कसा, ते पुढच्या संशोधनातून स्पष्ट झाले. फुप्फुसाच्या ज्या कोपऱ्यात हवा पोहोचत नाही, तिथली रक्तवाहिनी आवळते आणि रक्त चांगल्या कोपऱ्याकडे वळते. सपाटीवर ही सोय फायद्याची आहे. पण उंचीवर सगळ्या फुप्फुसातच ऑक्सिजन कमी, म्हणून सगळीकडच्या वाहिन्या आवळू लागतात, आणि त्याही सारख्या नाहीत. जिथे कमी आवळल्या, तिथे रक्ताचा सगळा जोर येतो. बारीक केशवाहिन्यांना तो सोसत नाही, त्यांतून पाणी पाझरते आणि हवेच्या पिशव्या भरू लागतात. माणूस कोरड्या डोंगरावर असूनही आतून बुडू लागतो.

लडाखचे जवान

हा लेख येऊन दोन वर्षे होत नाहीत तोच १९६२ चे चीन युद्ध आले. मैदानी मुलखातल्या छावण्यांतून आपल्या जवानांना विमानांनी थेट लडाखच्या आणि ईशान्येच्या उंचीवर उतरवावे लागले. शत्रूची गोळी लागण्याआधीच कित्येक जण अंथरुणाला खिळले.

सेनादलातील डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आजारपण बारकाईने नोंदवले. फुप्फुसातल्या पाण्यावरचा त्यांचा लेख १९६५ मध्ये 'लॅन्सेट' मध्ये आला. १९६९ मध्ये तर त्यांनी अकरा ते अठरा हजार फुटांवरच्या १,९२५ जवानांची माहिती मांडली. जगात एवढ्या मोठ्या संख्येने अशा रुग्णांचा अभ्यास तोवर झाला नव्हता. उंचीच्या आजारावरची पुस्तके आजही या भारतीय कामाचा हवाला देतात. तगड्या, कसलेल्या जवानालाही हा आजार सोडत नाही, ही गोष्ट त्यातून दिसली. रजेवर घरी येऊन पुन्हा वर गेलेल्या, म्हणजे उंचीची सवय असलेल्या जवानालाही तो गाठतो, हेही सेनेच्या डॉक्टरांना दिसून आले.

योगायोग असा की, ह्यूस्टनही १९६२ मध्येच पीस कोअर या अमेरिकन स्वयंसेवकांच्या संस्थेचे भारतातले प्रमुख म्हणून आपल्या देशात आले आणि काही वर्षे राहिले.

या सगळ्या अनुभवातून आपल्या सेनेने शिस्त घालून घेतली. नऊ ते बारा हजार फुटांच्या टप्प्यावर सहा दिवस, पुढे पंधरा हजारांपर्यंत आणखी चार दिवस आणि त्याहून वर जायचे तर पुन्हा चार दिवस शरीराला सवय करू द्यायची, मगच कामाला लावायचे. विशीतल्या जवानाला सेना सहा दिवस देते. आपण मात्र आजी-आजोबांना दुसऱ्याच दिवशी खारदुंग लाला नेतो.

पोलादी खोलीतले एव्हरेस्ट

ह्यूस्टन यांच्या कामाचा आणखी एक पैलू विलक्षण आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर प्रयोगशाळा नेणे शक्य नाही, मग एव्हरेस्टच प्रयोगशाळेत आणावे, अशी त्यांची कल्पना. हवेचा दाब कमी करता येणाऱ्या बंद पोलादी खोलीत माणसांना ठेवायचे आणि रोज थोडाथोडा दाब उतरवत न्यायचा. १९४० च्या दशकात, अमेरिकन नौदलात डॉक्टर असताना, त्यांनी पेन्साकोला येथे चार स्वयंसेवकांवर असा प्रयोग केला. महिनाभर सावकाश 'चढत' गेल्यावर त्यांतले दोघे शिखराइतक्या विरळ हवेतही बाहेरच्या ऑक्सिजनवाचून काही मिनिटे शुद्धीवर राहिले. सपाटीवरून एकदम तिथे नेलेला माणूस थोड्याच वेळात बेशुद्ध पडतो. फरक होता तो फक्त मधल्या दिवसांचा. एव्हरेस्टवर बाहेरच्या ऑक्सिजनशिवाय माणूस प्रत्यक्ष पोहोचला तो १९७८ मध्ये.

१९८५ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, ह्यूस्टन यांनी सहकाऱ्यांसह हाच प्रयोग अधिक मोठ्या प्रमाणावर केला. मॅसॅच्युसेट्समधल्या नेटिक इथे आठ तरुण चाळीस दिवस खोलीत राहिले आणि सहा जण शिखराच्या दाबापर्यंत पोहोचले. हृदयात नळी घालून तपासण्या झाल्या, स्नायूंचे तुकडे तपासले गेले. एवढ्या कमी ऑक्सिजनवरही निरोगी हृदय आपले काम बिनतक्रार करते, हे त्यातून दिसले. समोर भरपूर आणि रुचकर जेवण असूनही माणसांचे वजन सरासरी सुमारे सात किलोंनी घटले. उंचीवर भूकच मरते. अतिदक्षता विभागात कमी ऑक्सिजनवर झुंजणाऱ्या रुग्णाचे शरीर काय सोसते, हे समजायला अशा अभ्यासाची मदत होते.

मधल्या काळात, १९६७ पासून दहा-बारा वर्षे, कॅनडातल्या माउंट लोगन पर्वतावर सुमारे साडेसतरा हजार फुटांवर त्यांनी उन्हाळी प्रयोगशाळा चालवली. उंचीवर डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव होतो आणि बऱ्याचदा माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही, हे तिथेच उजेडात आले. अ‍ॅसिटाझोलामाइड हे आज लडाखच्या प्रवाशांना ठाऊक असलेले औषध झोपेतला ऑक्सिजन कसा सावरते, याच्या चाचण्याही तिथे झाल्या. १९७९ मध्ये ह्यूस्टन यांनी दोन सहकाऱ्यांसह कमी ऑक्सिजनवर काम करणाऱ्या संशोधकांची परिषद सुरू केली. सामान्य प्रवाशालाही समजतील अशी पुस्तके त्यांनी लिहिली. उतारवयात त्यांची दृष्टी जवळजवळ गेली, तरी काम थांबले नाही. २००९ मध्ये, ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

निघण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवा

ह्यूस्टन, इंदर सिंग आणि त्यांच्यासारख्यांच्या कष्टांतून जे हाती आले, त्यातले आपल्या उपयोगाचे असे :

विमानाने लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण आराम करा. बाजारात सावकाश फेरी चालेल, चढण नको. दहा हजार फुटांच्या वर मुक्कामाची जागा एका दिवसात दीड हजार फुटांहून जास्त वाढवू नका, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. दिवसा वर जाऊन झोपायला खाली येणे त्यातल्या त्यात बरे.

डोके दुखणे, मळमळ, अन्न नकोसे होणे, झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची सुरुवात आहे, असे धरूनच चाला. आहात तिथेच थांबा, बरे वाटेपर्यंत एक पाऊलही वर नको. झोपेच्या गोळ्या घेऊ नका. त्या श्वास मंद करतात.

बसल्या जागी धाप, खोकला, छातीत घरघर, गुलाबी फेस, निळे ओठ ही फुप्फुसात पाणी झाल्याची खूण. चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे, गुंगी ही मेंदूला सूज आल्याची खूण. पावलापुढे पाऊल ठेवत सरळ रेषेत चालायला सांगा. जमत नसेल तर वाट पाहू नका. दोन्ही वेळा उपाय एकच : ताबडतोब खाली उतरणे, ऑक्सिजन आणि डॉक्टर. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये आणि आजाऱ्याला एकटे सोडू नये.

लहान मुलाला डोके दुखते हे सांगता येत नाही. ते किरकिर करते, दूध-जेवण टाकते, खेळत नाही. त्याकडे लक्ष ठेवा. हृदयाचा किंवा दम्याचा आजार, सिकलसेल, गरोदरपण असेल, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेत ठरवू नका. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळीही त्यांच्या सल्ल्यानेच घ्या. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

प्रवास रमजानमध्ये असेल तर मुसाफिराला आणि आजाऱ्याला रोजा पुढे कजा करण्याची सवलत आहे, ती लक्षात असू द्या. उभे राहून चक्कर येत असेल तर बसून नमाज अदा करण्याची मुभाही आहे. दीनने जिथे आसानी दिली आहे, तिथे आपण हट्ट कशाला धरावा?

चिपळूणचे ते अब्बा आता बरे आहेत. परवा भेटले तेव्हा हसत म्हणाले, "मी गप्प बसलो, हीच चूक. पोरांना वाटले असते, बापाने सहलीचा विचका केला. पण त्या रात्री काही झाले असते, तर पोरांनी जन्मभर काय केले असते?" यावर आम्हाला बोलायला काही सुचले नाही.

शरीर ही अमानत आहे, असे आपण मानतो. आधी उंट बांधावा आणि मग तवक्कुल करावा, हीही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळालेली आहे. लडाखच्या वाटेवर उंट बांधणे म्हणजे दोन दिवस स्वस्थ बसणे, आणि डोके दुखले तर तोंडाने सांगणे. ह्यूस्टन आयुष्यभर हेच सांगत आले. मराठीत 'दम धर' म्हणतात ते याच अर्थाने. यंदा जाणार असाल तर खुशाल जा, अल्लाहची ती अफाट कुदरत डोळे भरून पाहा. कार्यक्रमात मात्र पहिले दोन दिवस मोकळे ठेवा, आणि अब्बा-अम्मींना रात्री एकदा उठून विचारा, झोप लागतेय ना?